छापील किमतीवरचा टॅक्स

३ मार्च, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर काय लिहावे याचा घोळ घालण्यापेक्षा या घरात माझ्या हातच्या वस्तू कोणत्या ते लिहितो. जेवणाचे टेबल आणि चार खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते, पण तो फरशीचा दोष आहे. कपड्यांचे कपाट, एकही खिळा न मारता. मुलीचा पाळणा, जो आता तिच्या सासरी तिच्या लेकाला झुलवतो. रेडिओ. बायको भांडी दाखवायला नेते ती पेटी, आत तव्यांना वेगळे आणि झाकणांना वेगळे कप्पे. या वहीची बांधणी. आणि काल पुरी झालेली टॅक्सची चकती.

यातले काहीही मला कुणी शिकवलेले नाही. ओतकामासाठी लाकडी साचे करायचे कामसुद्धा मी नुसते बघून उचलले आणि पुढे कारखान्याला माझ्याशिवाय कुणाचा साचा चालेना. डिसेंबरात कारखाना बंद झाला. तेव्हापासून घर हिच्या भांड्यांवर चालते. हे वाक्य लिहायला मला बराच काळ लागला, तेव्हा आता खोडत नाही.

हिचा धंदा असा. कुणा बाईच्या घरी सात-आठ जणी जमतात. ही तिथे शेगडी मांडून कंपनीच्या जाड बुडाच्या तव्यात तेलाचा थेंबही न टाकता अंडे करून दाखवते. अंडे घसरत ताटलीत येते, बायका हसतात, ऑर्डरी देतात. माल कंपनीकडून आपल्या घरी येतो, ही तो घरोघर पोचवते आणि पैसे घेते. बिले आता मी करतो. आधी ही टॅक्स अंदाजपंचे लावायची आणि सुटे नसले की वरचे सोडून द्यायची. ते बघून माझ्या अंगावर काटा आला होता.

चकती म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मध्ये पितळी रिव्हेट. फिरवून कंपनीची छापील किंमत बाणाखाली आणली की खिडकीत बारा टक्क्यांचा टॅक्स तयार. गुणाकार नको, चूक नको. हिला दाखवली. "छान झालीय हो," म्हणाली आणि अंडी मोजायला गेली.

६ मार्च, गुरुवार

हिच्या वरच्या बाई आल्या होत्या. या भागातल्या सगळ्या विक्रेत्या त्यांच्या हाताखाली. मी त्यांना मनात इस्त्री म्हणतो. कपडे, केस, बोलणे, कुठे सुरकुती नाही. त्यांनी सांगितले की एप्रिलच्या मध्यापर्यंत हिची विक्री अशीच राहिली तर ही गटप्रमुख होईल. मग दरमहा ठरलेला पगार. हिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. हात कोरडेच होते.

इस्त्रीबाईंनी टेबलावरची चकती उचलली. "हे कुठून आणलंत?"

"केलं," मी म्हणालो.

"तुम्ही? साहेब, आमच्या निम्म्या बायकांना टॅक्स लावता येत नाही. एक मी नेऊ का दाखवायला?"

तोवर तीन झाल्या होत्या, त्यातल्या मी दोन दिल्या. साहेब म्हटल्यामुळे नाही. वस्तू समजणाऱ्या माणसाच्या हातात गेली की बरे वाटते.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "अहो, मागच्या मीटिंगमध्ये सांगत होते, सवलतीत दिलेल्या भांड्याचा टॅक्स जरा..."

"जरा काय? त्या मीटिंगमध्ये कुणाला त्रैराशिक येतं का? दहाचं भांडं तर टॅक्स इतका, शंभराचं तर किती, हे मांडून दाखव म्हणावं."

"नाही, ते म्हणत होते की..."

मी कागद घेऊन मांडून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

११ मार्च, मंगळवार

दर्जीणबाईंकडे बैठक झाली. चांगली झाली. जिच्या घरी बैठक, तिला कंपनीच्या नियमाने एक भांडे अर्ध्या किमतीत मिळते. दर्जीणबाईंनी मोठे पातेले घेतले. छापील किंमत दोन हजार, त्यांना हजारात.

आता इथेच लोक गोंधळतात, म्हणून नीट लिहून ठेवतो. ही कंपनीकडे ऑर्डर देते तेव्हाच कंपनी छापील किमतीवरचा टॅक्स हिच्याकडून आगाऊ कापून घेते. दोन हजारांवर दोनशे चाळीस. तेवढे आपण भरले, तेवढे गिऱ्हाइकाकडून घेतले, हिशेब मिटला. बाईला भांडे अर्ध्यात मिळाले हा कंपनीचा उदारपणा, सरकारचा नव्हे. बिल केले: भांडे हजार, टॅक्स दोनशे चाळीस.

हिने बिल बघितले आणि म्हणाली, "बाईंना हे जड जाईल. हजाराच्या वस्तूला..."

"तूच फळ्यावर मांडून दाखव मला, कुठे चुकतंय ते. आहे फळा?"

ती हसली. तिचे हसणे तसे मनापासून नव्हते, पण बिल घेऊन गेली. माल द्यायला मी येतो म्हणालो तर नको म्हणाली. बायका मोकळ्या बोलत नाहीत म्हणे पुरुष असला की.

१५ मार्च, शनिवार

दर शनिवारी पैशांचा डबा मी मोजतो. आज एकशेवीस कमी.

विचारले. "भाजी आणली," म्हणाली. भाजी आठवड्याची आधीच आली होती. मी सोडून दिले. पण खर्च कधी असा होतो का? खर्च पन्नास असतो, सत्तर असतो, चिल्लर घालून त्र्याहत्तर असतो. एकशेवीस हा आकडा कुणाला तरी मोजून दिल्यासारखा आहे.

तिचा चष्मा बदलायचा होता तो या महिन्यात नको म्हणाली. पुढच्या महिन्यात बघू.

२२ मार्च, शनिवार

या आठवड्यात दोन बैठका. शिकवणीवाल्या बाईंना छोटा तवा अर्ध्यात, छापील सोळाशेचा, टॅक्स एकशे ब्याण्णव. पेढीवरच्या कारकूनबाईंना हजाराचे झाकण साडेसातशेत, कारण झाकणांवर सवलत पावच, टॅक्स एकशेवीस. सगळे चकतीवर, एका दमात.

डब्यात एकशे सव्वीस कमी.

या वेळी सोडले नाही. समोर बसवले. "माझ्याशी खोटं बोलू नकोस. कुणाला देतेस?"

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ती कड मी पटाशीने गोल केली आहे, तिथे बोट अडकत नाही. मग म्हणाली, "भावाला दिले."

मेहुणा टॅक्सी चालवतो. माणूस दिलदार, पण खिशाला भोक. मला वाटतच होते.

"आणि मला विचारायची पद्धत नाही?"

"चुकलं," म्हणाली.

इतक्या पटकन कबूल झाली की पुढचे सगळे माझ्या तोंडात राहिले.

२४ मार्च, सोमवार

मेहुण्याला फोन केला. आवाज चढवायचा नव्हता, चढला. घरात एकच कमाई आहे, तीही तुझ्या बहिणीच्या मनगटावर, आणि तू तिच्याकडून पैसे उपसतोस, लाज वाटत नाही, वगैरे. त्याच्या मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. मग म्हणाला, "ताई काय म्हणाली?"

"तिनेच सांगितलं."

"असं होय," म्हणाला. "बरं भाऊजी. देतो परत. हळूहळू देतो."

ही आत भांडी घासत होती. नळ मोठा सोडला होता, त्यामुळे तिला ऐकू गेले नसावे.

२७ मार्च, गुरुवार

हिला ताप. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नर्स राहते, तिच्याकडे परवा बैठक झाली. तिचे मोठे पातेले आले होते, हजारातले. ही अंथरुणातून उठून म्हणाली, "ते मी बरी झाले की देते. तुम्ही जाऊ नका."

"दोन जिने चढायचे. मला काय झालंय?"

"बिल राहू द्या मग. नुसतं पातेलं द्या. पैसे मी आणते."

बिलाशिवाय माल? मी तिच्या कपाळावर हात ठेवला, चटका बसला, म्हणून वाद घातला नाही. बिल घेऊन गेलो.

नर्सने बिल वाचले. "काका, टॅक्स जास्त नाही का वाटत? हजारावर दोनशे चाळीस?"

मी चकती बरोबर नेली होतीच. छापील किंमत, कंपनीची कपात, आपली वसुली, सगळे दारात उभे राहून समजावले. तिने पुन्हा एकदा विचारले, मी पुन्हा समजावले. ती रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल होते. पैसे मोजून दिले आणि दार लावले. समजले असावे.

खाली आल्यावर हिने विचारले, "किती घेतलेत?"

"बिलाप्रमाणे."

तिने भिंतीकडे तोंड केले. ताप माणसाला चिडचिडे करतो.

३० मार्च, रविवार

मेहुणा येऊन गेला. शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या. "पहिला हप्ता, भाऊजी." बहिणीकडे बघितलेही नाही, आणि तिनेही त्याला चहा विचारला नाही, जे या घरात कधी होत नाही. मी नोटा डब्यात टाकल्या. कडक बोलण्याचा उपयोग होतो.

४ एप्रिल, शुक्रवार

कंपनीचे पत्र. नर्सने तक्रार केली आहे की विक्रेतीने सवलतीच्या भांड्यावर दुप्पट टॅक्स उकळला. "उकळला" हा शब्द. सोळा तारखेच्या आत समाधानकारक खुलासा न आल्यास हिचा विक्रेता क्रमांक बंद. क्रमांक बंद म्हणजे माल बंद, बैठका बंद, गटप्रमुखपद तर लांबच.

ही पत्र दोनदा वाचून घडी घालून ठेवू लागली. मी म्हणालो, "घाबरतेस कशाला? आपण एक पैसा जास्त खाल्लेला नाही. जेवढे भरले तेवढेच घेतले. मी खुलासा लिहितो."

"लिहू नका," म्हणाली.

"का?"

"अजून नका."

५ एप्रिल, शनिवार

उद्याची बैठक रद्द. परवाचीही. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बोलत होत्या, मला बघून थांबल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "चल बाई, नाहीतर उभं राहण्याचाही टॅक्स लागेल." दोघी हसल्या. मी सरळ खाली आलो. मागे वळून मला बरेच बोलता आले असते.

ही दिवसभर पेटीतली झाकणे पुसत होती. सगळी स्वच्छच होती.

सोमवारी विक्रीकर कचेरीत जातो. त्यांच्या शिक्क्याचा कागद आणतो आणि नर्सच्या दारावर चिकटवतो.

७ एप्रिल, सोमवार

आज काही लिहायचे नाही.

८ एप्रिल, मंगळवार

लिहिले नाही तर विसरेन असे नाही. पण जे झाले ते माझ्या अक्षरात असावे.

कचेरीत खिडकीवरचा माणूस संत्रे सोलत होता. तरुण, माझ्या जावयाच्या वयाचा. मी सगळे क्रमाने मांडले. त्याने एक फोड तोंडात टाकली.

"बाईने भांड्याचे किती दिले?"

"हजार."

"मग टॅक्स हजारावर. एकशेवीस."

"पण कंपनीने आमच्याकडून दोन हजारांवर कापलाय. दोनशे चाळीस."

"मग वरचे एकशेवीस कंपनीकडे मागा. परताव्याचा अर्ज असतो. त्यांनी द्यायलाच पाहिजेत. त्यात त्या बाईचा काय संबंध?"

मी चकती काढून खिडकीतून आत सरकवली. म्हणालो, याच्यावर बघा. त्याने फिरवून बघितली. "छान आहे. नातवासाठी केलीत?"

मागची माणसे पुढे सरकली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

साच्याचे काम मी आयुष्यभर केले. साचा नेहमी वस्तूपेक्षा किंचित मोठा करतात, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. गिऱ्हाइकाला साचा मोजून वस्तू विकली असती तर मालकाने मला हाकलले असते. आणि इथे मी तेच केले. छापील किंमत मोजली. बाईच्या हातून जे आले ते मोजलेच नाही.

चकती चुकलेली नाही. बारा टक्के बरोबर आहेत. बाणाखाली चुकीची किंमत मी आणली. हे लिहूनही बरे वाटत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सवलतीत ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना जास्तीचे पैसे परत करायचे ठरवले. हिला सांगितले नाही. ती दुपारी बहिणीकडे जाते म्हणून बाहेर पडली, तिच्या मागून मी.

आधी दर्जीणबाई. मशीन थांबवून उठल्या. मी एकशेवीस पुढे केले आणि मनात घोकलेले वाक्य म्हणालो. त्या नोटांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"भाऊ, हे तर मिळाले मला."

"कधी?"

"पातेलं दिलं तेव्हाच. ताईंनी बिल दिलं, मी दोनशे चाळीस काढून दिले, त्यांनी लगेच एकशेवीस माझ्या हातात परत कोंबले. म्हणाल्या, कंपनीची काहीतरी भानगड आहे, घरी कुणाला बोलू नका." मग जीभ चावली. "आता हे मी बोलायला नको होतं का?"

शिकवणीवाल्या बाईंकडे वर्ग चालू होता. त्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "शहाण्णव ना? ते दिले त्यांनी. तुम्ही किती वेळा देणार आहात?" आतली मुले हसली. कशाला हसली कोण जाणे.

पेढीवरच्या बाईंकडे मी गेलोच नाही. तिथले तीस होते. शहाण्णव आणि तीस, एकशे सव्वीस.

राहिली नर्स. जिथे मी गेलो होतो ते एकच घर.

ती गणवेश घालून निघायच्या घाईत होती. पैसे मोजून घेतले. "बरोबर आहेत. पण काका, त्या दिवशी मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"तक्रार मागे घेते म्हणून कंपनीला कळवीन. ऐकतील की नाही माहीत नाही. गेलेलं पत्र गेलं." आणि कुलूप लावता लावता, "ताई बऱ्या आहेत ना आता?"

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी टॅक्सीच्या थांब्यावर गेलो. मेहुणा बॉनेटवर कोपर टेकून चहा पीत होता. मला बघून कप खाली ठेवला. मी दोनशे रुपये पुढे केले.

"कळलं वाटतं," म्हणाला.

"तू फोनवर का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत होतं? तुमचा आवाज ऐकला, म्हटलं, ताईने काहीतरी माझ्या अंगावर ढकललंय, तर तसंच काही असेल. घेतलं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही घरी आला असता, आणि आमच्याकडे बसायला धड एक खुर्ची नाही." नोटा खिशात घातल्या. "दोनशे मात्र खरंच माझे होते, भाऊजी. बायकोने फार झापलं."

मी माफी मागणार होतो. त्याने मला चहा पाजला, त्यामुळे ते राहून गेले.

घरी आल्यावर हिला म्हणालो, "मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. दोनदा. एकदा तुम्ही त्रैराशिक मांडलंत, एकदा फळा मागितलात."

"तिसऱ्यांदा सांगायचंस. ओरडून सांगायचंस."

ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "चकती करायला घेतल्यापासून तुम्ही रोज सकाळी दाढी करत होतात."

दाढीचा इथे काय संबंध ते मला कळले नाही. विचारणार होतो, पण ती घड्यांची चळत घेऊन आत गेली.

१४ एप्रिल, सोमवार

इस्त्रीबाई आल्या. मला वाटले खुलासा मागायला. मी कालच लिहून ठेवला होता: चूक माझी, विक्रेतीची नाही, पैसे सगळ्यांना परत केले आहेत, जास्तीच्या टॅक्सच्या परताव्याचे अर्ज सोबत जोडले आहेत. त्यांनी तो वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"हा द्यायची गरज नाही, साहेब. मी वेगळ्याच कामाला आले." पिशवीतून करारनामा काढला. माझी चकती वरच्या लोकांना आवडली आहे. कंपनी ती छापून सगळ्या विक्रेत्यांना देणार. माझ्या सहीने. मोबदला साठ हजार, एकरकमी.

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी म्हणालो, "त्यात एक सुधारणा हवी. एक खिडकी पुरत नाही. सवलतीत दिलेल्या भांड्यासाठी दुसरी करून देतो. आठवड्यात देतो. पैसे वाढवून नकोत."

"दुसरी नको," त्या म्हणाल्या. "पहिलीच हवीय."

"पहिलीवर फक्त छापील किमती आहेत. सवलतीच्या गिऱ्हाइकाकडून जास्त टॅक्स जातो."

"जातो ना. सध्या काय होतं? विक्रेती सवलत देते, टॅक्स कमी घेते आणि फरकासाठी आमच्याकडे अर्ज करते. किती अर्ज येतात कल्पना नाही तुम्हाला. गिऱ्हाइकानेच पूर्ण भरला की अर्जाचा प्रश्नच नाही. आपणहून कोण विचारतंय? शंभरात एखादी नर्स."

"आणि तिने केलेली तक्रार?"

"ज्या चकतीवर कंपनीचं नाव येणार, त्या चकतीबद्दल कंपनीकडे तक्रार कशी चालेल?" त्या छान हसल्या. "ती बंद. ताईंचा क्रमांक चालू. गटप्रमुखाचं पत्र मी बरोबरच आणलंय, तारीख टाकायची बाकी आहे."

मी हिच्याकडे बघितले. ती म्हणाली, "चकती यांनी केलीय. यांना विचारा. माझा क्रमांक वेगळा, यांची चकती वेगळी."

"दोन्ही एकाच कागदावर आहे, ताई. बुधवारी कचेरीत या."

त्या गेल्या. मी म्हणालो, "तुझं काय म्हणणं?"

"साठ हजार म्हणजे माझी दीड-दोन वर्षांची अंडी."

"म्हणजे घेऊ?"

"मी काही म्हणणार नाही. माझं म्हणणं तुम्ही दोनदा ऐकलंय."

१५ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या खिडकीची चकती करून बघितली. चालते. वरच्या खिडकीत कंपनीने कापलेला टॅक्स, खालच्या खिडकीत गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, आणि मधल्या पट्टीवर फरक, जो कंपनीकडे मागायचा. सुबक झाली आहे. पहिलीपेक्षा चांगली. कुणाला नको आहे.

सारखे मनात येते की सही केली तर काय बिघडेल. मी तर कुणाच्या दारात जाऊन पैसे मागणार नाही. कुठल्यातरी गावात कुठलीतरी बाई चकती फिरवील, दुसरी बाई पैसे देईल. त्यातल्या एखादीचा नवरा कपात आणि वसुली समजावून सांगेल, अगदी माझ्यासारखा, दारात उभा राहून. आणि त्याची बायको भिंतीकडे तोंड करील.

हिला दिवसभरात मी एवढेच विचारले की मीठ कुठे आहे. तिने दाखवले.

१६ एप्रिल, बुधवार

दोघेही गेलो. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर तव्यांची मोठी चित्रे, अंडे घसरतानाची. इस्त्रीबाईंच्या टेबलावर दोन कागद, करारनामा आणि गटप्रमुखाचे पत्र, शेजारी शेजारी मांडलेले, दोन्हींवर फुल्या मारलेल्या, सही कुठे करायची त्या.

मी दोन खिडक्यांची चकती टेबलावर ठेवली. "ही घ्या. ही फुकट देतो. एका खिडकीची देणार नाही."

"साहेब, भावनेच्या भरात नका बोलू. घरी काय शिल्लक आहे मला माहीत आहे. ताई, तुम्ही तरी सांगा."

हिने पर्स उघडली. मला वाटले रुमाल काढते आहे. तिने विक्रेता क्रमांकाचे कार्ड काढले, तिचा फोटो असलेले, आणि कुणी मागायच्या आधी त्या दोन कागदांवर ठेवले.  मग माझा खुलासा आणि परताव्याचे अर्जही काढून ठेवले. ते ती घेऊन आली आहे हे मला माहीत नव्हते. "याची पोच द्या," म्हणाली. "शिक्क्यासकट. आणि ती चकती फुकट द्यायची नाही, अहो. उचला."

मी उचलली.

पोच मिळायला बराच वेळ लागला. शिक्का सापडत नव्हता, किंवा सापडू द्यायचा नव्हता. क्रमांक आजपासून बंद. अर्जांचे पैसे कधी मिळतील ते कुणी सांगितले नाही. पलंगाखाली न विकलेले आठ तवे आहेत, ते क्रमांकाशिवाय विकता येतात की नाही हे विक्रीकर कचेरीत विचारावे लागेल. तिथे ही जाणार आहे. मी बाहेर थांबेन.

जिन्यात मला वाटले ती रागावली आहे, कारण ती माझ्यापुढे उतरत होती आणि बोलत नव्हती. मधल्या वळणावर थांबली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "सावकाश उतरा. पायऱ्या सारख्या नाहीत." खरेच नव्हत्या. मला आधी दिसायला हव्या होत्या.

माणूस नाकारलेल्या गोष्टीचा आकडा पुढे फुगवून सांगतो. माझ्या हातून तसे होऊ नये म्हणून आजच लिहून ठेवतो. देऊ केले होते ते असे: एका खिडकीची चकती, आहे तशी, माझ्या सहीने, सगळ्या विक्रेत्यांना. त्याबदली तक्रार बंद, हिचा क्रमांक चालू, गटप्रमुखपद आणि रोख रक्कम. नाही म्हणालो. रक्कम साठ हजार होती.